दिगंबरभाऊंचा सलग फोटो

आमचे शेजारी दिगंबरभाऊ वाकोडे यांच्याकडे कोणी पहिल्यांदा गेलं, की ते त्याला दारातून परत पाठवतात. अपमान करून नव्हे. चांगले हसतात, हात जोडतात, "या या" म्हणतात आणि मग सांगतात, "आता असं करा, फाटकापासून पुन्हा या."

अकोल्याच्या या कॉलनीत घर बांधून आम्ही राहायला आलो, तेव्हा वास्तुशांतीचे पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. पोर्चमध्ये तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा उभा होता. मला वाटलं, यांच्यात काही शुभ-अशुभ पाळत असतील, आपण चुकीच्या पायानं आत आलो. मी मुकाट्यानं फाटकापर्यंत गेलो आणि पुन्हा आलो. "घाई केली तुमी," ते म्हणाले, "पेढे देनारा मानूस असा पयत येते का?" मी तिसऱ्यांदा आलो. "झालं!" असं त्यांनी ओरडून सांगितलं, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला आणि पेढ्यांचा डबा एकदाचा त्यांच्या हातात दिला.

दोन दिवसांनी ते स्वतः फोटो घेऊन आले. त्यात त्यांचं अंगण होतं, फाटक होतं आणि फाटकापासून पायरीपर्यंत ओळीनं मीच मी होतो. मी फाटक उघडतोय, मी कडी लावतोय, मी चपलेतला खडा झटकतोय, मी कॅमेरा पाहून पोट आत घेतोय, आणि सगळ्यात शेवटी, "झालं" ऐकल्यावर मी पोट सोडून देतोय. प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचा डबा. बायकोनं फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "मला एकच पुरे आहे." तरी तो तिनं स्वयंपाकघरात लावलाच. पाहुणे आले की ती शेवटच्या माझ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "हे खरे."

दिगंबरभाऊंचंही हेच म्हणणं. माणूस 'झालं' म्हटल्यावर खरा हलतो, म्हणून ते 'झालं' म्हणतात आणि कॅमेरा मात्र चालूच ठेवतात.

त्यांचा हा सगळा खटाटोप समजायला मला थोडा वेळ लागला. कॅमेरा एका जागी पक्का रोवायचा. समोरून जे काही जात असेल, पक्षी, बकरी, पोस्टमन, त्याचे एकामागून एक धडाधड फोटो घ्यायचे. मग संगणकावर ते एकावर एक ठेवून त्यांचं एकच चित्र करायचं. झाड एकच, भिंत एकच, आणि पक्षी मात्र जिथून जिथून गेला तिथं तिथं सगळीकडे. दिगंबरभाऊ नोकरीत ट्रेसर होते. नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ उतरवायची, यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर हातातले कागद गेले, पण एकावर एक ठेवायची सवय गेली नाही.

"एका फोटूत काय रायते, मास्तर?" ते मला विचारतात. मी शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर. "एका फोटूत मुर्दा रायते. हालत नाही, डुलत नाही. मानूस कसा सलग दिसला पायजे."

सलग हा त्यांचा लाडका शब्द. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांनी सलग आणि तुटक अशी वाटणी केली आहे. घार सलग, कोंबडी तुटक. माझी बायको भाकरी थापते ते सलग, मी बोलतो ते तुटक. एकदा कॉलनीच्या बैठकीत नवे अध्यक्ष अर्धा तास बोलले. बाहेर पडताना मी विचारलं, "कसं वाटलं भाषण?" दिगंबरभाऊ म्हणाले, "हात तुटक हालते त्याचा. मानूस बरा नाही." तो अध्यक्ष पुढं खरोखरच बरा निघाला नाही, तेव्हापासून आमच्या कॉलनीत त्यांच्या मताला वजन आलं.

हे वजन वानरांनी घालवलं. आमच्याकडे काळ्या तोंडाची वानरं येतात, टाकीवर बसतात, पपया खातात आणि जातात. सगळी कॉलनी त्यांना हाकलण्याच्या मागे. दिगंबरभाऊंना मात्र त्यांची उडी हवी होती, कडुनिंबावरून थेट आमच्या टाकीवर मारलेली. म्हणून ते रोज सकाळी आमच्या टाकीवर पोळ्या ठेवू लागले. चार दिवसांत अख्खा कळप हजर झाला. कोणाचे पापड गेले, कोणाची तुरीची डाळ गेली, कोणाची टीव्हीची छत्री वाकडी झाली. बायका भांडायला आल्या, तर हे म्हणाले, "आल्या तशा पुन्हा एकदा या बरं फाटकापासून."

पण फोटो झाला तेव्हा भांडायला आलेल्या बायकाही गप्प झाल्या. कडुनिंबाच्या शेंड्यापासून आमच्या टाकीपर्यंत वानराची एक कमानच उभी होती. सुरुवातीला आक्रसलेलं, मधे हातपाय पसरून हवेत झोपल्यासारखं, शेवटी शेपूट वर करून टेकणारं. मी गणिताच्या तासाला वक्ररेषा शिकवताना पोरांना तो फोटो दाखवतो. "एकच वांदर हाये," दिगंबरभाऊ सगळ्यांना बजावत होते. "दुसरं घुसोलं नाही. मी बाहेरून आनून कायी चिकटवत नाही. जे आलं ते आलं."

हा त्यांचा दुसरा नेम. सगळं खरंच त्या जागेवर घडलेलं असलं पाहिजे. फक्त एका वेळी घडलेलं नसतं, एवढंच.

उन्हाळ्यात अकोल्यात माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत. हे पडतात. एक ओला दुपट्टा असतो, तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर. यांचं डोकं तसंच. वाकोडेकाकू होत्या तेव्हा यांच्याही डोक्यावर दुपट्टा असायचा. त्या गेल्यापासून घरात हे एकटेच. मुलगी परदेशात. दूध तापवायला ठेवतात आणि उतू जाणाऱ्या सायीचा सलग फोटो काढायला कॅमेरा आणायला जातात. दूध जातं, फोटो राहतो. त्यांच्याकडे चहा बहुधा कोराच असतो.

एकदा ते मला बार्शीटाकळीकडे घेऊन गेले. नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे किडे टिपायला बगळे उतरतात, त्यातल्या एकाचं उड्डाण त्यांना हवं होतं. बांधावर घोडी उभी केली, वर कॅमेरा चढवला आणि ते एक डोळा मिटून वाकले, तेवढ्यात आजूबाजूच्या वावरातली माणसं जमली. एकानं मला बाजूला घेतलं. "साहेब, कोन्त्या रोडाची मोजनी हाये?" मी म्हटलं, रोड नाही, बगळे आहेत. त्याचा चेहरा उजळला. "बगळ्याईचं कायी अनुदान निंघालं का?" त्यानंतर आम्हाला शेंगा मिळाल्या, चहा मिळाला, आणि निघताना प्रत्येकानं आपल्या वावरात बगळे जास्त येतात असं खासगीत सांगितलं.

त्या बगळ्याचा फोटो अमरावतीच्या एका प्रदर्शनात लागला. काळी जमीन, वर भुरकट आभाळ, आणि ट्रॅक्टरपासून वर चढत गेलेला पांढरा बगळा, आठ-दहा ठिकाणी. आयोजकांनी खाली चिठ्ठी लावली, 'बगळ्यांचा थवा'. दिगंबरभाऊंचा जीव खाली-वर झाला. दिवसभर ते त्या फोटोपाशी उभे राहिले. जो येईल त्याला सांगत होते, "थवा नाही हो. एकच हाये." शाळेच्या मुली आल्या, "अय्या, किती बगळे!" म्हणाल्या. "एकच हाये, पोरीहो. एकटाच हाये तो." संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला.

आता त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

परसराम त्यांचा धाकटा भाऊ. बाळापूरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. आई लवकर गेली, म्हणून या दोघांना मोठ्या बहिणीनं, आक्कानं वाढवलं. दुकानाचा माल न्यायला परसराम अकोल्याला आला की दादाच्या घरी टेकायचा आणि दोघं भाऊ गच्चीवर बसून मोठ्यानं भांडायचे. कापसाच्या भावावरून, क्रिकेटवरून, लहानपणी आंब्याच्या झाडावरून कोणी कोणाला ढकललं यावरून. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

परसरामच्या मुलीचं लग्न निघालं. नेहमीचा फोटोग्राफर ठरलेला होता, पण दिगंबरभाऊंनी हट्ट धरला, जेवणाचा सलग फोटो मी काढणार. त्यांनी मिठाईच्या टेबलासमोर घोडी लावली. लग्न थाटात झालं. महिनाभरानं दिगंबरभाऊ तो फोटो मोठा करून, फ्रेम करून, वर चमकीचा कागद गुंडाळून पुतणीच्या सासरी स्वतः घेऊन गेले. सगळ्या घरादारासमोर कागद फाडला गेला.

फोटोत गुलाबजामांचं टेबल होतं. टेबलासमोर रांग होती. आणि रांगेत व्याही, व्याही, व्याही, व्याही आणि व्याही होते. निळा सफारी, गळ्यात उपरणं, हातात वाटी. पाचही जण. या व्याह्यांना साखरेचा आजार. लग्नभर त्यांनी चहासुद्धा बिनसाखरेचा मागवला होता आणि विहीणबाईंनी प्रत्येकाला ते कौतुकानं सांगितलं होतं.

परसराम त्याच दिवशी अकोल्यात येऊन थडकला. मी घरीच होतो, भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. "दादा, तू माह्या पोरीच्या सासऱ्याची इज्जत काढली!"

"मी कायी चिकटवलं का? तो आलाच व्हता तितक्या बाऱ्या."

"लोकाईच्या घरात भांडन लावून देल्लं तू!"

दिगंबरभाऊंनी जरा विचार केला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "तुले पायजे तं दोन व्याही कमी करून देतो."

त्यानंतर दार आपटल्याचा आवाज आला. परसराम पुन्हा त्या घरी आला नाही. व्याहीसुद्धा पुढं विसरले, त्यांना नातू झाला. पण या दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच, आणि वर्षं गेली. परसराम अकोल्याला येतो, माल घेतो, परस्पर जातो. "आला व्हता म्हने आज," दिगंबरभाऊ मला सांगायचे आणि लगेच लेन्स पुसायला घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात आक्काचा तिच्या सासरहून, धामणगावहून, फोन आला. तिचे यजमान मागेच वारले. मुलानं आता तिला नागपूरला घेऊन जायचं ठरवलं होतं आणि धामणगावचं घर कायमचं बंद व्हायचं होतं. तिची एकच मागणी होती. "मले नागपूरले कायी नेयाचं नाही. मले माह्या आंगनात, माहे दोन्ही भाऊ माह्या बाजूले उभे, असा एक फोटू पायजे. तेवढा देल्ला तर जाईन." दिगंबरभाऊंनी हे मला सांगितलं. आक्काला त्यांनी आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाही. पण परसरामच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे आधी परसरामशी बोलायला हवं. आणि आक्काचं घर महिन्याभरात बंद होणार होतं.

तोडगा त्यांनीच काढला. "मास्तर, सोबत उभं रायाची गरजच काय? तो पयले उभा राईन, डाव्या हातानं. मंग मी उभा राईन, उजव्या. आक्का मधात. जोडून देतो. कोनाले कोनाचं तोंड पाहा लागत नाही."

"पण ते खोटं होईल की."

"खोटं कसं? तोय तिथी उभा व्हता, मीय उभा व्हतो. जे आलं ते आलं."

परसरामला विचारण्याचं काम माझ्याकडे आलं. बाळापूरला दुकानात गेलो. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आक्कासाठी येतो. पन त्याईले सांगा, बोलनार नाही मी."

ठरल्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं धामणगावला गेलो. परसराम आधीच येऊन बसला होता. आक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, अंगण शेणानं सारवलेलं, सीताफळाच्या झाडाखाली खुर्ची मांडलेली. दिगंबरभाऊंनी घोडी रोवली, खडूनं खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पावलांच्या खुणा केल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा बेत मुळातच चुकलेला आहे. कोणाला कोणाचं तोंड पाहावं लागणार नव्हतं हे खरं, पण फोटो काढणाराच त्या दोघांपैकी एक होता. परसराम उभा राहणार तो दादाच्या डोळ्यांसमोरच. एवढी साधी गोष्ट कोणाच्याच डोक्यात कशी आली नाही? की दोघांच्याही डोक्यात आली होती, देव जाणे.

"मास्तर," दिगंबरभाऊ कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "त्याईले सांगा, खडूवर उभं राहा."

"सर, त्याईले सांगा, खडू मले दिसते," परसराम म्हणाला. दोघांच्या मधे जेमतेम चार पावलांचं अंतर होतं.

"मास्तर, त्याईले सांगा, कालर नीट करा."

"सर, त्याईले सांगा, कालर नीटच हाये."

"कालर वाकडी हाये रे परसराम," मधे बसलेली आक्का म्हणाली आणि तिनं हात वर करून ती नीट केली.

"आक्का, हालू नोको!" दोघं एकदम ओरडले.

"मी का बाहुली हावो का?" आक्का म्हणाली. "एकाले बोलता येत नाही, दुसऱ्याले ऐकता येत नाही, अन् हालाचं नाही मी!" तिकडे चुलीवर तिनं वांग्याची भाजी ठेवलेली होती, तिचा जीव तिच्यात अडकला होता. पण ती हलली नाही. पूर्ण वेळ खुर्चीच्या हातांवर हात ठेवून समोर पाहत बसली.

कॅमेरा आपोआप टिपत होता. दर दोन-तीन सेकंदांनी बारीक खट असा आवाज. जरा वेळानं दिगंबरभाऊ "झालं" म्हणाले, परसराम थोडा रेंगाळला आणि खुणेवरून बाजूला झाला. मला वाटलं आता तो निघून जाईल. तो गेला नाही. कुंपणाच्या भिंतीवर बसून मोबाइल चाळत राहिला. मग दिगंबरभाऊ उजवीकडच्या खुणेवर जाऊन उभे राहिले, आणि स्वतःच मोठ्यानं "झालं" म्हणून त्यांनी स्वतःला मोकळं केलं. आम्ही जेवलो. दोघं भाऊ एकाच पंगतीत बसले, मला मधे घालून. भाजी थोडी करपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. संगणकावर फोटो जोडून तयार होता. छान झाला होता. मधे आक्का, दोन्हीकडे दोन भाऊ, सगळ्यांची तोंडं सरळ समोर. शाळेच्या शिक्षकवृंदाचा असतो तसा. "जमला न?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जमला. पण त्यांचंच समाधान झालेलं दिसत नव्हतं. ते उगाच बाकीचे फोटो एकेक करून पुढं सरकवत बसले.

परसराम ताठ उभा. परसराम नाक खाजवतो. परसराम समोर पाहतो. पुढं 'झालं' नंतरचे फोटो आले, आणि दिगंबरभाऊंचा हात थांबला. त्या फोटोत परसराम कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. मान वळवून, आक्काच्या डोक्यावरून, तो पलीकडे पाहत होता. उजव्या बाजूच्या खडूच्या दोन पावलांकडे. तिथं तेव्हा कोणी नव्हतं. दादा अजून यायचा होता.

"हा काय पाहून रायला तिथी?" दिगंबरभाऊ पुटपुटले. पुढच्या फोटोतही परसराम तसाच पाहत होता.

"तुमचे दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी आपले फोटो लावले. समोर पाहणारे दिगंबरभाऊ, छाती काढलेले दिगंबरभाऊ. आणि स्वतःच 'झालं' म्हटल्यानंतरचे दिगंबरभाऊ. त्यांनी तो फोटो झटकन पुढं ढकलला. "हा बाद. तोंड इकडं नाही."

"मागे घ्या."

"बाद हाये म्हनतो न मास्तर."

"मागे घ्या हो."

त्यांनी मागे घेतला. त्यात ते डावीकडे पाहत होते, नुकत्याच मोकळ्या झालेल्या खडूच्या पावलांकडे. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहतो, पण हा चेहरा मी पाहिला नव्हता. इतकं सरळ, इतकं उघडं कोणाकडे पाहायला त्यांना कधी जमलेलं मी पाहिलं नाही.

"हे दोन जोडा," मी म्हटलं.

"बिघडलेले फोटू जोडून काय करता?"

मी ऐकलं नाही. कुरकुर करत त्यांनी एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, आणि हात मागे घेतला. मधे आक्का बसली होती, करपणाऱ्या भाजीच्या काळजीत. आणि तिच्या डोक्यावरून दोन म्हातारे भाऊ एकमेकांकडे पाहत होते. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

मागून ते म्हणाले, "हे खोटं हाये, मास्तर. तवा समोर कोनी नव्हतं."

"कोणी नव्हतं म्हणूनच पाहिलंत दोघांनी."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. तो फोटो आक्काला पाठवायला ते तयारच होत नव्हते. सरळ तोंडाचा पाठवू, हा राहू दे, असं चाललं होतं. शेवटी मीच दोन्ही छापून घेतले आणि नागपूरला जाण्याआधी आक्काच्या हाती पडतील असे पाठवले.

तिचा फोन मलाच आला. "सरळ तोंडाचा आला तो जोडलेला हाये, समजते मले," ती म्हणाली. "पन दुसरा कवा काढला? हे दोघं असे कवा उभे रायले? मी तं मधातच, मले दिसलं कसं नाही?" मी म्हटलं, "आक्का, तुम्ही समोर पाहत होता." ती हसली. तोच आपण नेणार म्हणाली, आणि मोबाइलवर परसरामलाही पाठवला म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी मी दिगंबरभाऊंकडे बसलो होतो. दूध शाबूत राहिलं होतं, त्यामुळे चहा चक्क दुधाचा होता. त्यांनी कप तोंडाला लावला आणि फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं. फोन हातात घेऊन ते तसेच बसले, वाजू दिला. मला वाटलं घेणार नाहीत. मग घेतला.

"हं," ते म्हणाले.

पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. त्यांचाच येत होता, तोही तुटकतुटक.

"हो... पायला... नाही, तब्येत बरी हाये... अरे नाही वायलो, फोटूत तसं दिसते... गोया घेतो न, रोज घेतो... कोन सांगतलं तुले?... मी कवा ढकललं तुले? तू सोताच पडला व्हता, आंबा घेऊन!... काय?... मोठ्यानं बोल, आयकू येत नाही... तुहेच डोये गेले लेकाच्या, म्हनून मी तुले बारीक दिसतो... नाही पटत तं ये न मंग इथी, डोयानं पाहून घे... नाही नाही, मीच जेवन बनवतो... अरे बनवता येते मले!"

ते उठून उभे राहिले. बोलता बोलता खोलीत फिरू लागले, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मोकळा हात हवेत फिरवत. आवाज चढत चालला होता. माझ्या बायकोनं पलीकडून आमची खिडकी लावल्याचा आवाज आला.

मी माझा चहा संपवला. त्यांचा टेबलावर गार होत होता. मी त्यांना आठवण करून दिली नाही.